स्वतःहून आलेली माणसं

एखादा माणूस स्वतःच्या मर्जीनं जिवावरचं काम करत असेल, तर त्या कामाचा फायदा घेणाऱ्याला टोचणी लागायचं काही कारण आहे का? त्याला कुणी बांधून आणलेलं नाही. त्याला पैसे मिळतात. उद्या नकोसं झालं तर तो येणार नाही. मग आपल्या पोटात का कालवतं? आणि ते कालवणं ही खरंच नैतिक जाणीव असते, की सुखवस्तू माणसाचं नाजूकपण?

हा प्रश्न नवा नाही. रात्री अकरा वाजता पावसात बिर्याणी घेऊन येणाऱ्या पोराकडे बघून तो आपल्याला पडतो आणि दार लावलं की विसरायलाही होतो. पूर्व जावात मात्र तो आठ दिवसांत तीनदा समोर आला. एकदा सुराबाया या बंदरात, मग ब्रोमोच्या कड्यावर आणि शेवटी कावा ईजेन नावाच्या ज्वालामुखीत. तिन्ही ठिकाणी त्याचं रूप वेगळं होतं, म्हणून तिन्हींबद्दल लिहितोय.

बंदर

सुराबाया हे जकार्तानंतरचं इंडोनेशियातलं सर्वांत मोठं शहर. आपल्याकडून बालीला जाणाऱ्यांच्या यादीत ते सहसा नसतं. असलंच, तर ज्वालामुखी बघायला जाताना एक रात्र टेकायची जागा म्हणून. पण बंदर जुनं आहे. शहर आपला वाढदिवस ३१ मे १२९३ धरतं. समोर मादुराची सामुद्रधुनी आहे आणि काली मास नदी शहराच्या पोटातून वाहत तिच्याकडे जाते. नदीच्या तोंडाजवळच्या जुन्या धक्क्याला अजून लाकडी जहाजं लागतात. डचांच्या काळात जावाची साखर आणि कॉफी इथून जगभर गेली.

धक्क्यापासून नदीकाठानं आत आलं की 'जंबातान मेराह' लागतो, म्हणजे लाल पूल. पूल छोटाच आहे. कठडे लाल, खाली मंद पाणी, वरून स्कूटरची रांग. पुलाजवळच्या मोकळ्या जागेसमोर इंटरनॅशिओ नावाची डच काळातली मोठी इमारत उभी आहे. मराठी माणसानं या इमारतीसमोर जरा थांबायला हवं, कारण १९४५ च्या ऑक्टोबरात तिच्या आत मराठी शिपाई अडकलेले होते.

झालं ते असं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला आणि १७ ऑगस्टला इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. डचांना ते मान्य नव्हतं. जपान्यांची शस्त्रं काढून घेणं आणि छावण्यांतल्या युरोपीय कैद्यांना सोडवणं हे काम ब्रिटिशांकडे आलं. त्यासाठी २५ ऑक्टोबरला सुराबायात जी फौज उतरली, तिचं नाव ४९ वी इंडियन इन्फंट्री ब्रिगेड. हुकूम ब्रिटिशांचा, शिपाई मुख्यतः भारतीय. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची सहावी बटालियन होती. तीन दिवसांत शहर पेटलं. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी लाल पुलाजवळ मारला गेला. त्यानंतर आणखी एक भारतीय डिव्हिजन आली आणि १० नोव्हेंबरपासून जमीन, समुद्र आणि हवेतून शहरावर हल्ला सुरू झाला. लढाई सुमारे तीन आठवडे चालली. हजारो इंडोनेशियन मेले. आज १० नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीर दिन आहे. सुराबायात 'तुगू पाहलावान', म्हणजे वीरस्तंभ, उभा आहे आणि त्याच्या आवारात जमिनीखाली संग्रहालय आहे.

त्या संग्रहालयात शाळेच्या सहली येतात. मुलं दंगा करतात, फोटो काढतात. आपण मात्र काचेपलीकडच्या फोटोंमधले 'शत्रू' बघतो आणि त्यातला एखादा चेहरा आपल्या गावच्या एसटी स्टँडवर सहज दिसला असता असं वाटतं.

तारखा शेजारी ठेवल्या की अस्वस्थता वाढते. ५ नोव्हेंबर १९४५ ला दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि देश त्यांच्यामागे उभा राहिला. त्याच आठवड्यात भारतीय शिपाई दुसऱ्या एका देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांवर गोळ्या झाडत होते. इंडोनेशियात भारतीय सैन्य वापरायला नेहरूंनी जाहीर विरोध केला. जावात शेकडो भारतीय शिपाई फौज सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. बहुतेक मिळाले नाहीत.

इथे 'स्वखुशी' हा शब्द येतो. दुसऱ्या महायुद्धातलं भारतीय सैन्य जवळपास २५ लाखांचं होतं आणि भारतात सक्तीची भरती नव्हती. स्वेच्छेनं उभं राहिलेलं जगातलं सर्वांत मोठं सैन्य म्हणून त्याचं कौतुक होतं. म्हणजे इंटरनॅशिओतले ते शिपाईसुद्धा स्वतःहून आलेले होते.

आले होते का? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी हा मराठा पलटणींचा भरतीचा जुना पट्टा. माण-खटावचा दुष्काळ आणि कोकणातली खडकाळ जमीन ज्याला माहीत आहे, त्याला ठरलेला पगार, घरी येणारी मनीऑर्डर आणि पुढे पेन्शन यांचं वजन समजावून सांगावं लागत नाही. पण सगळं पोटावर ढकलणंही खोटं ठरेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं आपल्या नावापुढे 'मिलिटरी' लावलं, ते अभिमानानं. बापानंतर मुलगा आणि मुलानंतर नातू भरती होणं ही तिथली इज्जत आहे. त्या माणसांना निव्वळ परिस्थितीचे बळी म्हणणं हा त्यांचा अपमान होईल.

तरी एक गोष्ट उरतेच. १९४१-४२ मध्ये भरतीच्या टेबलावर अंगठा उठवताना त्या पोरानं कशाला होकार दिला होता? जर्मन आणि जपान्यांशी लढायला. सुराबायाच्या गल्लीत बांबूचे भाले घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांशी लढायला नव्हे. होकार एकदाच घेतला गेला आणि नंतर तो दुसऱ्याच कामाला वापरला गेला. आमच्या धंद्यात हे रोज होतं. ॲप उघडताना एकदा 'आय ॲग्री' दाबायचं, मग त्या बटणाचा अर्थ काय होत गेला हे दुसरंच कुणी ठरवतं.

म्हणून होकाराकडे बघताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची: होकार खरा असू शकतो, आणि तरीही तो पुढे जे झालं त्याचा होकार नसू शकतो.

कडा

सुराबायाहून ब्रोमोला जायला दक्षिणेकडे निघायचं, प्रोबोलिंगोवरून किंवा मलांगवरून चढायचं. बहुतेक लोक मध्यरात्री निघतात, जीपमधून समोरच्या डोंगरावर जातात आणि सूर्योदय बघतात. खाली एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीची वाटी आहे, तिच्यात करड्या वाळूचं मैदान आणि मधोमध धुरकट ब्रोमो. मागे ३६७६ मीटरचा सेमेरू, जावातला सर्वांत उंच डोंगर. फोटो तुम्ही पाहिलेले आहेत. प्रत्यक्षात त्यात गंधकाचा वास आणि जीपचा धूर मिसळलेला असतो.

इथे राहणारे तेंगर लोक हिंदू आहेत. बहुसंख्य मुसलमान असलेल्या जावात ते डोंगरावर आपला जुना धर्म टिकवून आहेत. त्यांचा मोठा सण 'यद्न्य कसाडा'. हा 'यद्न्य' म्हणजे आपला यज्ञच, आणि त्यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये मराठी माणसाचा उच्चार जसाच्या तसा दिसतो.

सणामागची गोष्ट अशी. रोरो अंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याला मूल नव्हतं. त्यांनी डोंगराच्या देवाची तपश्चर्या केली. देव म्हणाला, पंचवीस मुलं देईन, पण शेवटचं मला परत द्यायचं. पंचवीस झाली. शेवटच्याचं नाव केसुमा. आईबापांना त्याला देववेना. मग डोंगर खवळला आणि केसुमा ज्वालामुखीत गेला. आतून त्याचा आवाज आला, की भावंडांनो, तुम्ही सुखानं राहा, पण कसाडा महिन्यात दरवर्षी माझ्यासाठी काही आणत जा. म्हणून आजही तेंगर लोक त्या रात्री ब्रोमोवर चढतात आणि भाजी, धान्य, कोंबड्या, पैसे विवरात टाकतात. आतल्या उतारावर काही लोक जाळी घेऊन उभे असतात आणि पडणारं अर्पण वरच्यावर झेलतात. यात कुणाला वावगं वाटत नाही.

एकाच्या जिवावर बाकीचे वाचले, ही गोष्ट जगात सगळीकडे आहे. अशा गोष्टींचा शेवट बहुधा मेलेल्याच्या मोठेपणात होतो. त्यानं आनंदानं प्राण दिले, तो हुतात्मा झाला, विषय संपला. तेंगरांच्या गोष्टीत विषय संपत नाही. केसुमानं भावंडांना दोष दिला नाही, तरी त्यांच्यावरचं देणं राहिलं. ते त्यांनी एका वर्षात फेडून टाकलं नाही. दरवर्षी चढायचं आणि काहीतरी टाकायचं. ते पुन्हा जाळ्यात कुणा गरजवंताच्या हाती पडतं, हा मला त्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो.

विवर

कावा ईजेन आणखी पूर्वेला आहे, बन्युवांगीच्या वर. सुराबायाहून आगगाडीनं सहा-सात तास. पालतुडिंग या पायथ्याच्या ठाण्यावरून रात्री दोनच्या सुमारास चालायला लागायचं, तीन किलोमीटरची चढण. काठावरून विवरात उतरलं की गंधकाचे वायू पेटून झालेल्या निळ्या ज्वाळा दिसतात. उजाडल्यावर फिरोजी रंगाचं तळं दिसतं. जगातल्या सर्वांत आम्लधर्मी मोठ्या तळ्यांत त्याची गणना होते. त्याचा पीएच अर्ध्याच्याही खाली जातो. बॅटरीतल्या ॲसिडच्या जवळपासचं पाणी आहे ते.

त्या तळ्याच्या काठी माणसं काम करतात. ज्वालामुखीच्या भेगांमधून येणारे वायू नळ्यांतून खाली आणले जातात, त्यात गंधक थंड होऊन लालसर द्रव होऊन गळतं आणि जमिनीवर पिवळंधमक गोठतं. पहारीनं ते फोडायचं, बांबूच्या कावडीच्या दोन टोपल्यांत भरायचं, विवराची उभी भिंत चढायची आणि मग तीन किलोमीटर उतरायचं. एका खेपेला सत्तर-ऐंशी किलो. गेल्या दशकातल्या वृत्तांतांत दर किलोला साधारण हजार रुपियाच्या आसपास दिसतो, म्हणजे आपले पाच-सहा रुपये. खेपेला चारशेच्या आतबाहेर. पर्यटकांना वायूचे मास्क भाड्यानं मिळतात. खाणवाल्यांपैकी कितीतरी जण तोंडात ओला फडका धरून काम करतात.

हे गंधक साखर पांढरी करायला, रबर पक्कं करायला, काड्यापेट्यांना लागतं. जगातलं बहुतेक गंधक आता तेल आणि वायू शुद्ध करताना आपोआप निघतं. त्यामुळे माणसाच्या खांद्यावरून ज्वालामुखीतून गंधक काढायची पद्धत जवळपास सगळीकडे संपली. ईजेनला ती शिल्लक आहे, कारण तिथे खांदा स्वस्त आहे.

आणि आता खांद्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय. पायथ्यापासून अंधारात हाका ऐकू येतात, "टॅक्सी, टॅक्सी!" टॅक्सी म्हणजे दोन चाकांची हातगाडी, तिच्यावर गादी. पर्यटक बसतो, एक जण पुढून दोरीनं ओढतो, एक-दोघे मागून ढकलतात. हेच लोक एरवी गंधक वाहतात. मला सांगितलेला दर सात-आठ लाख रुपियांचा होता. तिघांत वाटला तरी एकेकाला गंधकाच्या तीन-साडेतीन खेपांइतका पडतो, आणि तो विवरात न उतरता.

वाटेत एका वळणावर पन्नाशीचे एक गृहस्थ कावड टेकवून विडी ओढत बसले होते. आमचा गाईड त्यांना 'पाक' म्हणत होता. आपण काका म्हणू, तसं. गाईडमार्फत मी विचारलं, "काका, हे काम कधीपासून?"

"वीस वर्षं. आधी कॉफीच्या मळ्यात होतो. इथे जास्त मिळतात."

"मुलगा येतो का कामाला?"

ते हसले आणि गाईडशी जावानीजमध्ये काहीतरी बोलले. गाईडनं सांगितलं, "म्हणतात, तो बन्युवांगीत शिकतोय. तो इथे आला तर मी इथे कशाला येऊ?"

जी निवड माणूस स्वतःसाठी करतो आणि मुलासाठी ठामपणे नाकारतो, ती निवडच असते. तिच्यात अक्कल आहे, हिशेब आहे, प्रेम आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून 'बघा, त्याला हेच हवं होतं' असं कुणी म्हणू नये.

होकार काय सांगतो, काय सांगत नाही

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हाच पेच मांडला होता. बेकार माणसापुढे एक नोकरी ठेवा. कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायचं नाही, बोलायचं स्वातंत्र्य सोडायचं. तो काय निवडेल? उपासमारीची, घर जाण्याची, मुलांची शाळा सुटण्याची भीती ज्याच्या मानेवर आहे, तो नोकरीच निवडणार, हे त्यांना दाखवायचं होतं. तो माणूस मूर्ख आहे किंवा गुलाम आहे, असं ते म्हणत नाहीत. त्याच्यासमोरचे पर्याय कुणी मांडले हे बघा, असा त्याचा रोख आहे.

मला वाटतं, आपण होकाराला एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला लावतो. पहिला प्रश्न: या माणसाला अडवायचा मला हक्क आहे का? होकार इथे पुरेसा आहे. नाही, हक्क नाही. पुण्यात एसीत बसून 'ईजेनची खाण बंद करा' म्हणणं म्हणजे त्या काकांच्या मुलाची फी बंद करणं. दुसरा प्रश्न: मी या माणसाचं काही देणं लागतो का? या प्रश्नाला होकार उत्तरच देत नाही. काका स्वतःहून आले, यावरून त्यांच्याबद्दल पुष्कळ कळतं. माझ्याबद्दल काहीच कळत नाही.

गोंधळ होतो तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे. 'तो स्वतःहून लॉगिन करतो', 'ती स्वतःहून भांडी घासायला येते', 'ते स्वतःहून भरती झाले'. वाक्य खरं असतं, आणि ते बोलून आपण हिशेबाची वही मिटवतो.

यावर रास्त आक्षेप आहे. कुठली निवड अमर्याद पर्यायांतून होते? मीही कॉलेजात जी कंपनी आली तिच्यात चिकटलो. मग सगळेच सगळ्यांचे देणेकरी झाले आणि देणं या शब्दाला अर्थच उरला नाही. पण फरक मोजता येतो. 'नाही' म्हटलं तर काय होईल, हे विचारून बघा. मी नाही म्हटलं तर तीन महिने घरी बसेन आणि दुसरीकडे जाईन. काकांनी नाही म्हटलं तर कॉफीच्या मळ्यातली मजुरी. कामाची किंमत कुठून वसूल होते, हेही विचारा. माझ्या पाठीला त्रास झाला तर कंपनी खुर्ची बदलून देते. त्यांच्या खांद्यावर कावडीचे घट्टे आहेत, मांसाच्या गोळ्यासारखे. आणि शेवटी, फायदा कुणाचा? पहाटे तळं बघायला मी गेलो होतो. ते रोज बघतात आणि त्यांना त्याचं फार कौतुक दिसलं नाही.

म्हणून हातगाडीत बसावं की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. मी बसलो नाही, पाय धड होते म्हणून. पण न बसल्यानं मी स्वच्छ झालो असं म्हणता येत नाही, कारण त्या रात्री त्या तिघांना तेवढी कमाई कमी झाली. एक आजी बसल्या होत्या. त्यांनी बसावंच. बसणाऱ्यानं घासाघीस करू नये, ओढणाऱ्याला विश्रांती घेऊ द्यावी, त्याच्या घामाची रील बनवू नये. हे सगळं शिष्टाचारात मोडतं. ते हवंच, पण त्यानं देणं फिटत नाही.

फिटायची वाट कशी असते, याचं उदाहरण आपल्या घरात आहे. माथेरानमध्ये माणसांनी ओढायच्या हातरिक्षा होत्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं आणि त्याच आदेशात राज्याला सांगितलं की ई-रिक्षा घेऊन त्या याच ओढणाऱ्यांना चालवायला द्या. नुसती बंदी घातली असती, तर आपली अस्वस्थता दूर झाली असती आणि त्यांची चूल विझली असती. ओढणाऱ्यासमोर दुसरा पर्याय ठेवणं, हे देण्याचं खरं रूप आहे. एकट्या पर्यटकाच्या हातात ते नसतं. मत देणाऱ्या, कर भरणाऱ्या, ॲप लिहिणाऱ्या माणसाच्या हातात थोडंफार असतं.

आणि सुराबायाचे शिपाई? त्यांच्यासमोर आता कुणी नवा पर्याय ठेवू शकत नाही. तिथे देणं फक्त आठवणीचं उरतं, आणि ती आठवण आपण सोयीनं ठेवली आहे. मराठी पलटणींच्या पराक्रमाच्या ज्या याद्या आपण फॉरवर्ड करतो, त्यांत इटली असतं, ब्रह्मदेश असतो. सुराबाया नसतं. त्या पोरांना खलनायक ठरवायची गरज नाही आणि हार घालायचीही नाही. ते पोटासाठी आणि अभिमानासाठी गेले, त्यांचा होकार दुसऱ्याच्या साम्राज्यानं वापरला, आणि त्यांच्या बंदुकीसमोर आपल्यासारखेच स्वतंत्र होऊ पाहणारे लोक मेले. ही तिन्ही वाक्यं एकत्र म्हणता आली पाहिजेत. ज्यांच्या पगारावर गावोगावची घरं उभी राहिली, मुलं शिकली, त्यांच्या नातवंडांनी तरी.

तुगू पाहलावानच्या आवारात जायला कुणीही अडवत नाही. तिकीट फक्त संग्रहालयाला आहे, तेही स्वस्त. ब्रोमोला जाणारी बस चुकली तर दुसरी मिळते. सुराबायात एक दिवस जास्त ठेवा.